फ्रेंच बुलडॉगचा विमा काढावा का दर महिन्याला पैसे बाजूला टाकावेत?

गारखेड्याचा ढेमश्या

सरळ बोलतो, पटलं नाही तर शिव्या घाला. आपल्या भागात फ्रेंच बुलडॉगचा विमा काढणं म्हणजे पैसे नाल्यात घालणं हाय. दोन वर्षांपूर्वी ५५ हजाराला पिल्लू आणलं, नाव ढेमश्या, कारण दिसतोच तसा. सगळे म्हणले पॉलिसी काढ, काढली, ६,८०० भरले पहिल्या वर्षी. मे महिन्यात एक दिवस लाईट गेली, दुपारचे दोन, इन्व्हर्टरवर निस्ता पंखा, अन् हा घोरल्यासारखा आवाज करायला लागला, जीभ जांभळी. ओले टॉवेल टाकून, पाणी मारून मारून दवाखान्यात नेला, वाचला कसाबसा. मग पुण्यात दाखवलं तर म्हणले नाकपुड्या जन्मापासून अरुंद हायेत, टाळूचा मऊ भाग लांब हाय, तो घशात लोंबतो, ऑपरेशन करा. ४८ हजार झाले. क्लेम टाकला तर कंपनीचं दोन ओळींचं उत्तर, "जन्मजात दोष, पॉलिसीत बसत नाही". आता मला सांगा, फ्रेंचीला होतं काय काय? नाक, टाळू, मणके, चेरी आय म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गाठ, कातडीच्या घड्या. ह्यातलं अर्ध्याच्या वर तो जन्मताच घेऊन आलेला असतो. म्हणजे जे होणार ते धरत नाहीत अन् जे धरतात ते होत नाही. मी आता पोस्टात आरडी लावली, महिना २,५००, चौदा महिने झाले. प्रीमियम बंद. माझ्या मते सगळ्या फ्रेंचीवाल्यांनी हेच करावं.

उदगीरची लेक

दादा तुमचं ढेमश्याचं वाईट वाटलं पण तुम्ही पॉलिसी ऑपरेशन झाल्यावर वाचली हे तुमच्याच लिहिण्यातून दिसायलंय. जन्मजात दोष धरत नाहीत हे बहुतेक पॉलिसीत लिहिलेलंच असतं.

माझी बिट्टी पण फ्रेंचीच हाय. गेल्या उन्हाळ्यात घरी केशर आंबे आले होते, पोरांनी कोय खाली टाकली अन् हिनं अख्खी गिळली. दोन दिवस उलट्या, आम्हाला वाटलं ऊन लागलं असंल. एक्सरे काढला, सोनोग्राफी केली, कोय आतड्यात अडकलेली. पोट उघडावं लागलं, चार दिवस सलाईन, सगळं मिळून ३८ हजार. त्यातले ३१ हजार मिळाले मला, दीड महिन्यानं, पण मिळाले. कोय काही कुणी जन्मताना गिळून येत नाही ना! कुत्रं गाडीखाली येतं, गॅलरीतून उडी मारतं, मांजराच्या नखीनं डोळा जातो, अन् फ्रेंचीचे डोळे तर एवढे बाहेर की आधी डोळ्यालाच लागतं. हे सगळं पॉलिसीत बसतं, अन् ह्याच गोष्टी पहिल्या दोन वर्षात जास्त होतात, जेव्हा तुमच्या आरडीत काहीच नसतं.

आणि एक, पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. तीन वर्षं झाल्याबिगर मोडता येत नाही. बारा हप्ते झाल्यावर जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं. तुमचे १४ गुणिले २,५०० म्हणजे ३५ हजार जमा हायेत, आज ढेमश्याला काही झालं तर हातात साडेसतरा. ते पण पोस्ट उघडं असलं तर. मी बँकेत कामाला हाय म्हणून बोलले, राग मानू नका.

कापूस सोयाबीन

मला हे सगळं वाचून हसावं का रडावं कळना. ५५ हजाराचं पिल्लू, ४८ हजाराचं नाक, वर एसी. इकडं सोयाबीन काढून पोतं घरात पडलंय अन् भावाची वाट बघायलोत. आमच्या शिवारात कारवानी जातीची शिकारी कुत्री हायेत, उन्हात दिवसभर सशामागं पळतात, संध्याकाळी भाकर अन् ताक खाऊन झोपतात, त्यांना ना कुणी एक्सरे काढला ना कुणी विमा. ज्या कुत्र्याला श्वास घ्यायला ऑपरेशन लागतं ते कुत्रं मराठवाड्यात आणायचंच कामून? मे महिन्यात इथं माणसाला दम लागतो. विमा का आरडी हा सवालच चुकीचा हाय, सवाल हाय की घेतलंच कामून.

उदगीरची लेक

काका तुमचं पटतं मला, पण आता घरात आहे तिचं काय करू? रस्त्यावर सोडू?

कापूस सोयाबीन

सोडा म्हणलो का मी. पुढचं घेऊ नका म्हणलो.

गोठ्यावरचा डॉक्टर

पशुवैद्यक आहे, वीस वर्षं मुख्यतः गुरं केली, आता शहरात आल्यावर कुत्री जास्त येतात. दोन-तीन गोष्टी बोलतो, थोडं लांबेल.

काकांचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. ज्याची हवेची वाटच अरुंद, तो जितक्या जोरात धाप टाकेल तितकी आतली सूज वाढते, वाट अजून अरुंद होते, अन् अंगातली गरमी अजून वाढते. ४१ अंशाच्या वर अंग गेलं की आतडी, मूत्रपिंड, मेंदू सगळं धोक्यात. म्हणून आधी जागेवर पाणी मारून गार करायचं अन् मग गाडीत घालायचं, ढेमश्याच्या मालकानं बरोबर केलं. नेदरलँड्समध्ये नाकाच्या लांबीचं मापच ठरवून दिलंय, फारच चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची पैदास करायला बंदी आहे. अन् तिकडं अमेरिकेत २०२२ ला ह्याच जातीनं लॅब्राडॉरला ३१ वर्षांनी पहिल्या नंबरावरून खाली ओढलं. फॅशन आहे ही, तिला कोण काय करणार.

पिल्लू महाग का? डोकं मोठं अन् मादीची कंबर अरुंद, म्हणून बहुतेक बाळंतपणं सिझरनं होतात. तो खर्च तुमच्या ५५ हजारात आहे. म्हणजे दवाखान्याचं बिल तुम्ही पिल्लू घ्यायच्या आधीच भरायला सुरुवात केलेली असते.

आता विमा. ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांना हे लगेच कळेल. म्हशीचा विमा काढला, म्हैस मेली, अन् कानात बिल्ला नसला तर काय होतं? बिल्ला नाही तर दावा नाही. मी स्वतः शवविच्छेदन करून दाखले दिलेत अन् तरी निस्त्या बिल्ल्यापायी क्लेम गेलेले बघितलेत, म्हातारी माणसं रडताना बघितलीत. कुत्र्याचं तसंच. चिप किंवा ओळखीची दुसरी जी खूण कंपनी मागते ती, लसीकरणाचं पुस्तक तारखांसकट पूर्ण, अन् वेळेत कळवणं. २०१७ च्या केंद्राच्या नियमानं ब्रीडरनं नोंदणी करायला पाहिजे, चिप लावायला पाहिजे अन् आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. इथं माझ्याकडं पाच आठवड्यांची पिल्लं येतात, आईचं दूध पण सुटलेलं नसतं.

अन् गारखेडावाले, नाकपुड्यांचं ऑपरेशन लहानपणी नसबंदीच्या भुलीतच उरकून घेता येतं बऱ्याचदा. दुसरी भूल वाचते, खर्च वाचतो, अन् पुढं घशात होणारा बिघाड पण कमी होतो. हे तुम्हाला पहिल्या लसीला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

गारखेड्याचा ढेमश्या

डॉक्टरसाहेब मान राखून बोलतो, सांगायला पाहिजे होतं म्हणायलात पण कुणी सांगितलं नाही ना. तीन लसी एकाच ठिकाणी घेतल्या, एकदा पण नाकाकडं बघितलं नाही, उलट म्हणले "फ्रेंची घोरतातच, क्यूट वाटतं". अन् मग पुण्याच्या कागदावर ठळक लिहिलं "जन्मजात". तो एक शब्द नसता तर क्लेम पास झाला असता. तुम्ही लोकं लिहिताना जरा मालकाचा विचार करायला पाहिजे.

गोठ्यावरचा डॉक्टर

नाही भाऊ, ते नाही जमणार. जन्मजात आहे त्याला जन्मजातच लिहिणार. खोटा दाखला दिला तर माझी नोंदणी जाईल अन् पुढच्या खऱ्या क्लेमवर पण कंपनी संशय घेईल. लसीच्या वेळी नाक बघितलं नाही ही मात्र आमची चूक, तिथं मी काही बचाव करणार नाही.

तरोडा नाक्यावरून

मी दोन्ही करून बसलोय म्हणून लिहितो. माझा सुलतान, साडेचार वर्षं. पॉलिसी पण होती, पैसे पण बाजूला होते. जानेवारीत रात्री सोफ्यावरून खाली उडी मारली अन् केकाटला, सकाळी मागचे पाय ओढत चालायला. डॉक्टर म्हणले मणक्यामधली गादी सरकली, पायाला चिमटा घेऊन बघितला, अजून कळत होतं त्याला, म्हणले ही जाणीव हाय तोवर चान्स चांगला, ती गेली तर एकेक तास महत्त्वाचा, निघा पुण्याला. नांदेड ते पुणे साडेचारशे किलोमीटर, मी अन् मेहुणा, मागच्या सीटवर दाराची फळी टाकून त्यावर सुलतान बांधलेला, हलू नये म्हणून. पोचलो तर एमआरआयच्या आधी ६० हजार डिपॉझिट.

इथं पॉलिसी काहीच कामाची नाही, माणसांच्या दवाखान्यासारखं कॅशलेस विसरा, आधी भरा मग मागा. बाजूला टाकलेले होते म्हणून भरले. सगळं मिळून १ लाख ३५ हजार झालं. पॉलिसीची मर्यादाच ५० हजार होती, ते पण मला तेव्हा लक्षात आलं. क्लेम टाकला तर म्हणले गादीचा आजार ह्या जातीत आनुवंशिक. मी म्हणलो साडेचार वर्षं तो पळत होता, उडी मारल्यावर झालं, अपघात हाय. लेखी तक्रार दिली, त्यांनी परत नाही म्हणलं, मग विमा लोकपालाकडं अर्ज टाकला, आपल्या भागाचं ऑफिस पुण्यालाच हाय, फी लागत नाही, वकील लागत नाही. अजून निकाल नाही. सुलतान चालतो आता, जरा डावीकडं झुकून.

तर माझं मत, आरडी का विमा असं भांडण लावूच नका. पॉलिसी घ्यायची तर "आनुवंशिक" अन् "जन्मजात" हे दोन शब्द कुठं कुठं हायेत ते आधी शोधा, मग मर्यादा किती ते बघा, मग प्रीमियम. मी उलटं केलं. अन् वय बघा, बऱ्याच कंपन्या म्हाताऱ्या कुत्र्याला नवीन पॉलिसी देत नाहीत, म्हणून पाच वर्षांनी काढू म्हणणारे तसेच राहतात.

आमचा महिन्याचा हिशोब विचारला कुणी तर, खाणं साडेतीन हजार, गोचीडाची गोळी अन् कानाचं औषध धरून हजारभर, उन्हाळ्यात एसीचे दोन-अडीच हजार जास्तीचे. गोचीडाचं हलक्यात घेऊ नका, गोचीड तापानं आमच्या गल्लीतला एक लॅब्राडॉर गेला. दवाखान्यासाठी ३ हजार वेगळे, ते बचत खात्यात, कार्ड लागलेलं, रात्री पण निघतात.

कापूस सोयाबीन

आठ-दहा हजार महिना. आमच्या गड्याचा पगार.

तरोडा नाक्यावरून

काका खरंय. मला पण लाज वाटते कधीकधी, आईसमोर बिल लपवतो. पण मागचे पाय ओढत तो दारापर्यंत आला होता मला घ्यायला, तेव्हा हिशोब नाही सुचला.

उदगीरची लेक

डिपॉझिटचा मुद्दा मला मान्य, मी पण क्रेडिट कार्डावरच भागवलं होतं तेव्हा, अन् पुढचे दोन महिने किराणा उधारीवर. पण गारखेडावाल्या दादांचं "प्रीमियम बंद" हे अजूनही पटत नाही. ढेमश्याचं नाक झालं, ते परत होणार नाही. आता पुढची कोय, पुढची गॅलरी, त्याच्यासाठी ६,८०० म्हणजे महिना साडेपाचशे-पावणेसहाशेच पडतात. कुणाला तो चावला तर त्या माणसाच्या खर्चाचं कलम पण काही पॉलिसीत असतं. कॉलनीत राहता ना तुम्ही?

गारखेड्याचा ढेमश्या

चावणार नाही तो, चार पावलं पळाला की बसतो. पण ताई प्रीमियमवर मी अजून ठाम हाय, ज्या कंपनीनं एकदा हात वर केले तिला परत पैसे द्यायला माझं मन होत नाही. दुसरी कंपनी बघ म्हणाल तर बघतो, पण आता त्याच्या कागदावर ऑपरेशन लिहिलेलं हाय, तेच पुढं करतील.

गोठ्यावरचा डॉक्टर

नवीन फॉर्म भरताना ऑपरेशन लपवू मात्र नका, पुढं कोय गिळली तरी तेच कारण दाखवून क्लेम उडवतील. अन् वजन किती आहे ढेमश्याचं? बारा-तेराच्या वर गेलं असेल तर विमा-आरडी नंतर बघा, आधी ते उतरवा. चरबी वाढली की श्वास पण जातो अन् मणके पण. गळ्यातला पट्टा काढून छातीचा घाला. परभणीच्या किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एकदा दाखवून आणा, खासगीपेक्षा बरंच कमी लागतं, शिकाऊ पोरं असतात पण शेजारी प्राध्यापक उभे असतात.

गारखेड्याचा ढेमश्या

वजन साडेपंधरा. जिन्यावरून मी उचलूनच नेतो, माझीच कंबर गेली.

परभणीला सोमवारी जाऊन येतो, बहीण तिथं दिलीय, मुक्काम पण होईल. अन् ताई, ती पोस्टाची आरडी तीन वर्षं मोडता येत नाही हे खरंच डोक्यात नव्हतं, काल बायकोला सांगितलं तर ती म्हणली फॉर्म भरताना मीच बोलले होते, तू मोबाईलवर कुत्र्याचे व्हिडिओ बघत होतास.