अठरा वर्षांखालील आइस हॉकी: खालच्या डिव्हिजनसाठी मुलाला पाठवावं का?

अनघा_ऑकलंड

नमस्कार मंडळी. मुलगा 2010 चा. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्केटिंग शिकला. इथे आल्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाला आइस रिंकवर गेला आणि आइस हॉकीचा जो नाद लागला, तो चार वर्षं झाली तरी सुटलेला नाही. आठवड्यातून दोनदा पहाटे पाचला उठून मी त्याला रिंकवर नेते.

आता प्रशिक्षक म्हणताहेत, न्यूझीलंडच्या अठरा वर्षांखालील संघाच्या निवड शिबिराला नाव द्या. घरात दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, खर्च सगळा आपल्या खिशातून आणि खेळायचं कुठे, तर खालच्या डिव्हिजनमध्ये. ही खरोखरची जागतिक स्पर्धा आहे, की पैसे भरून काढलेली सहल? मला स्वतःला काही सांगता येत नाही आणि मुलगा रोज विचारतो. शिवाय आम्हा तिघांचेही पासपोर्ट अजून भारतीय आहेत. ते चालतं का? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

विनायक_पेठकर

अनघाताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. याच देशात क्रिकेटला मैदानं आहेत, शाळांचे संघ आहेत, पुढे वाट आहे. आइस हॉकीत न्यूझीलंडचं नाव कुणी घेत नाही. दहावी-अकरावीच्या वयात एवढा पैसा आणि वेळ घालण्याआधी दहादा विचार करा. मुलाला वाईट वाटेल, पण सावरेल.

गोलकीपरची_आई

अनघा, मी क्राइस्टचर्चला असते. माझा थोरला 2003 चा, गोलकीपर. तुमचं लिहिणं वाचून आमच्या गॅरेजमधली त्याची बॅग डोळ्यांपुढे आली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सहलीचं बघू. ही आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाची अधिकृत स्पर्धा आहे, 1999 पासून चालू आहे. सगळ्यात वर दहा संघ. त्यांच्याखाली डिव्हिजन एक, दोन आणि तीन, आणि त्यांत पुन्हा अ आणि ब असे गट. एका गटात साधारण सहा संघ असतात आणि आठवड्याभरात प्रत्येकाशी एकदा खेळायचं, म्हणजे पाच सामने. उपांत्य फेरी नाही, अंतिम सामना नाही. साठ मिनिटांत जिंकलं तर 3 गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटवर जिंकलं तर 2, आणि तिथे हरलं तरी 1. पहिला आलेला संघ पुढच्या वर्षी वरच्या गटात जातो, शेवटचा खाली घसरतो. त्यामुळे शेवटच्या दिवशी तळाच्या दोन संघांचा सामनासुद्धा जीव तोडून खेळला जातो. तिथे हरलं, तर पुढच्या वर्षीच्या मुलांना एक पायरी खालून सुरुवात करावी लागते. पैसे भरून वरच्या गटात जाता येत नाही. सहलीला एवढी धाकधूक नसते हो.

मी पहिल्यांदा हे डोळ्यांनी पाहिलं ते जानेवारी 2017 मध्ये, डनीडनला. वीस वर्षांखालील मुलांची डिव्हिजन तीन तिथे भरली होती. आम्ही क्राइस्टचर्चहून पाच तास गाडी चालवत गेलो. थोरला तेव्हा तेरा वर्षांचा. रिंक सेंट किल्डाच्या समुद्रकिनाऱ्याजवळ आहे. बाहेर ऐन उन्हाळा, लोक अर्ध्या चड्ड्यांत वाळूवर, आणि आम्ही गाडीच्या डिकीतून जाड जॅकेटं काढून आत शिरतोय.

सामना संपला की दोन्ही संघ निळ्या रेषांवर समोरासमोर उभे राहतात. दोन्हीकडचा एकेक उत्तम खेळाडू पुकारतात आणि मग जिंकलेल्या देशाचं राष्ट्रगीत लागतं. एका सामन्यात हरलेल्या संघाच्या गोलकीपरचं नाव पुकारलं. पोरगा मास्क काखेत धरून आला. केस घामाने कपाळाला चिकटलेले, डोळे लाल. बक्षीस घेतलं, समोरच्याशी हात मिळवला, वळून आपल्या रेषेवर जाऊन उभा राहिला आणि दुसऱ्याचं राष्ट्रगीत संपेपर्यंत हलला नाही. माझा मुलगा काचेला नाक लावून ते बघत होता. परतीच्या वाटेवर टिमारू गाव येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "आई, त्याने चाळीसच्या वर शॉट अडवले. मी मोजत होतो."

विनायकराव, राग अजिबात नाही, पण न्यूझीलंडचं नाव कुणी घेत नाही म्हणून सोडून द्या, हे मला पटत नाही. 1987 साली पर्थला न्यूझीलंडचा पुरुष संघ ऑस्ट्रेलियाकडून 58–0 असा हरला होता. त्याच देशात 2005 पासून स्वतःची राष्ट्रीय लीग चालू आहे, ती कुणीतरी पहाटे पाचला पोरांना रिंकवर नेलं म्हणूनच. थायलंडचंही तेच. 1998 मध्ये त्यांची अठरा वर्षांखालची मुलं दक्षिण कोरियाकडून 92–0 ने हरली. आज थायलंडचा पुरुष संघ विश्वअजिंक्यपदाच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतो. आणि स्लोव्हेनियाचा आंझे कोपितार कुमार गटात डिव्हिजन एकमध्येच खेळत होता. पुढे त्याने लॉस एंजेलिसकडून 2012 आणि 2014 असा दोनदा स्टॅनले कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं विजेतेपद, जिंकला. अनघा, तुमचा मुलगा कोपितार होईल असं मी म्हणत नाही. खालच्या डिव्हिजनमध्येही खेळ तोच आणि नियम तेच असतात, एवढंच सांगायचं आहे.

आता पैशांचं, कारण ते खरं आहे. आमच्या वेळी जवळजवळ सगळा खर्च घरचाच होता. विमान, राहणं, संघाचे कपडे, आधीची शिबिरं मिळून साडेसहा हजार डॉलरच्या आसपास गेले. सॉसेज विकून आणि गाड्या धुऊन थोडे जमवले, बाकीचे आम्ही घातले. दुसरी अडचण महिन्यांची. आपला मोसम हिवाळ्यातला आणि स्पर्धा मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे ऐन उन्हाळ्यात मिळेल तेवढ्या आइस टाइमवर तयारी करून, मोसमाच्या शेवटी पूर्ण भरात असलेल्या युरोपातल्या मुलांसमोर उभं राहायचं. पहिल्या सामन्यात हे जाणवतं, याची मुलाला आधीच कल्पना द्या.

आणि आमचं काय झालं तेही सांगते. थोरल्याची निवड 2020 च्या संघात झाली. निघायला बारा दिवस होते, बॅग भरून दाराशी ठेवली होती आणि कोविडमुळे स्पर्धा रद्द झाली. 2021 मध्येही खालच्या सगळ्या डिव्हिजन रद्द. त्याच्या जन्मवर्षाची ती शेवटची संधी होती. विमान कंपनीने पैसे परत न देता क्रेडिट दिलं, त्यावर पुढे आम्ही आजीला भेटायला साताऱ्याला जाऊन आलो. देशाची जर्सी त्याला मिळाली, पण ती घालून तो बर्फावर कधी उतरला नाही. तरीही त्याला शिबिराला पाठवल्याचा पश्चात्ताप मला एक दिवसही झाला नाही, आणि त्यालाही नाही. मी विचारलंय त्याला.

पासपोर्टचं मात्र आधी बघा. ज्या देशाकडून खेळायचं त्याचं नागरिकत्व लागतंच, रेसिडेंट व्हिसावर चालत नाही. शिवाय नंतर नागरिकत्व घेतलेल्या मुलाने वयाच्या दहाव्या वर्षानंतर सलग दोन वर्षं त्या देशातल्या स्पर्धा खेळलेल्या असाव्या लागतात. तुमचा मुलगा इथे चार वर्षं खेळतोय, तेव्हा क्लबकडून त्याच्या नोंदणीचे कागद आत्ताच मागून ठेवा. मध्येच एक मोसम कॅनडाला वगैरे पाठवायचा विचार असेल तर इथल्या आइस हॉकी असोसिएशनला विचारल्याशिवाय नको, त्याने ती सलगता मोडू शकते.

अनघा_ऑकलंड

ताई, दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचायला दिलं. तो काही बोलला नाही, पण शिबिराचा फॉर्म त्यानेच छापून आणला. नागरिकत्वासाठी पाच वर्षं लागतात ना? आम्हाला रेसिडेंट व्हिसा मिळून तीनच झालीत.

लेह_तीन_हिवाळे

मी नोकरीनिमित्त लेहमध्ये तीन हिवाळे काढले, म्हणून भारताच्या बाजूने लिहितो. भारतीय पासपोर्टवर मुलाला खेळता येईल ते फक्त भारताकडून. भारत 1989 पासून महासंघाचा सदस्य आहे, पण आपले संघ खेळतात ते मुख्यतः आशियाई स्पर्धांत. अठरा वर्षांखालच्या या शिडीवर आपण अजून नाही.

तरी आपली मुलं कमी आहेत असं समजू नका. लेहला कारझूच्या तळ्यावर नैसर्गिक बर्फ जेमतेम दोन महिने टिकतो. रात्री पाणी सोडून थर चढवतात, सकाळी झाडून काढतात, आणि कडाक्याच्या थंडीत पोरं-पोरी खेळतात. 2025 मध्ये अमिरातीतल्या अल ऐनच्या आशिया चषकात भारताच्या मुलींनी कांस्य जिंकलं, त्या संघात बहुतेक लडाखच्याच होत्या. तुमच्या मुलाला एकदा जानेवारीत लेहला घेऊन जा. त्याला मित्र मिळतील.

गोलकीपरची_आई

लेहचं वाचून छान वाटलं. थोरल्याला पाठवते हे.

अनघा, हो, रेसिडेंट व्हिसा मिळाल्यापासूनची पाच वर्षं मोजतात. त्यांत एकूण 1350 दिवस देशात हवेत, आणि दर वर्षी निदान 240. म्हणजे भारतातल्या लांब सुट्ट्या मोजून घ्या. मुलगा 2010 चा, तेव्हा अठरा वर्षांखाली तो 2028 च्या स्पर्धेपर्यंत बसतो. अर्जाला लागणारा वेळ धरून वर्षं मांडून बघा, अगदीच काठावर आहे. तिथे हुकलं तरी वीस वर्षांखालच्या गटात आणखी दोन वर्षं आहेत. शिबिराला मात्र आत्ता पाठवा. नागरिकत्व नसलेल्यांना घेतात का, एवढं ईमेल करून विचारा. प्रशिक्षकांनी स्वतः नाव सुचवलंय, तेव्हा विचारायला संकोच नको.

चेहरा पूर्ण झाकणारी केज आणि गळ्याचा पट्टा या वयाला लागतोच, त्यात काटकसर करू नका. मुलगा कोणत्या जागेवर खेळतो? गोलकीपर असेल तर थोरल्याचे पॅड आहेत, उत्तम स्थितीत.

अनघा_ऑकलंड

डिफेन्समन आहे, ताई. पण त्याच्या क्लबमध्ये एक बारा वर्षांची गोलकीपर आहे, ती भाड्याचे पॅड वापरते. तिच्या आईला विचारू का?

गोलकीपरची_आई

विचारा. उंची कळवा, मी मापून बघते.