बंदरातल्या युद्धनौकेवर दोन झेंडे का?

प्रश्न: नौदलाच्या जहाजांवर बंदरात पुढे तिरंगा, मागे पांढरं निशाण असतं. समुद्रात मात्र पुढचा तिरंगा दिसत नाही, असं का?

उत्तर १: पुढचा तिरंगा म्हणजे ‘जॅक’. जहाज नांगरलेलं किंवा धक्क्याला बांधलेलं असेल तेव्हाच तो लावतात. जहाज निघालं की जॅक उतरतो आणि निशाण मागच्या काठीवरून डोलकाठीवर जातं. सध्याचं निशाण २ सप्टेंबर २०२२ पासूनचं. त्यातला अष्टकोन शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलाय, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

उत्तर २: सकाळी ८ ला झेंडा चढतो, सूर्यास्ताला उतरतो. घोळ होतो तो आधीच्या तयारीत. दोरी काठीला गुंडाळली गेली तर झेंडा अर्ध्यावर अडकतो, म्हणून आधी ती मोकळी करून, ओढून बघायची. केशरी पट्टा वर आहे ना, हेही तेव्हाच पाहायचं. भिजलेली सुती दोरी आखडते, तिला थोडी ढील ठेवा.

उत्तर १: अर्ध्यावर उतरवायचा असेल तर आधी पूर्ण वर न्यायचा, मगच खाली. संध्याकाळी काढतानाही पुन्हा टोकापर्यंत चढवूनच उतरवायचा. हीच पायरी हमखास विसरली जाते.

उत्तर ३: व्यापारी जहाज सलामीला झेंडा खाली घेतं, तेव्हा युद्धनौका उत्तरादाखल आपला झुकवते. स्वतःहून आधी कधीच नाही.