मदत हवी आहे: मालिकेच्या दुसऱ्या गेममध्ये जुने गाव नव्याने रचताना त्याची ओळख कशी टिकवावी?

आमचा लहानसा गट एका साहसी गेमच्या दुसऱ्या भागावर काम करत आहे आणि पहिल्या भागातले बंदराचे गाव त्यात पुन्हा येणार आहे. पहिल्या भागात सगळे दृश्य वरून दिसत असे. आता कॅमेरा नायिकेच्या खांद्यामागे आहे. जुना नकाशा त्याच मापाने त्रिमितीत उभा केला, तर पूर्वी ऐसपैस वाटणारा चौक चार पावलांत संपतो. मोठा केला, तर तो ओस वाटतो आणि दीपगृहापासून धक्क्यापर्यंतची ये-जा कंटाळवाणी होते. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे खेळाडूंनी हे गाव छपरांच्या रंगांवरून लक्षात ठेवले होते आणि नव्या कॅमेऱ्यातून छपरे जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतात त्या भिंती, ज्यांच्याकडे आम्ही तेव्हा फारसे लक्ष दिले नव्हते.

इतर मालिकांकडे पाहिले, तर वाटा अगदी वेगवेगळ्या आहेत. ‘झेल्डा’ मालिकेतले काकारिको गाव १९९१, १९९८ आणि २०१७ च्या गेममध्ये नाव टिकवून जवळजवळ प्रत्येक वेळी नव्याने रचले गेले. उलट ‘याकुझा’ मालिकेने २००५ पासून कामुरोचो या काल्पनिक शहरी वस्तीचे रस्ते बहुतांशी तेच ठेवले आणि दुकाने, पाट्या, वर्दळ यांतून काळ पुढे सरकवला. ‘डार्क सोल्स’च्या २०११ च्या पहिल्या भागात उन्हात न्हालेले अनोर लोंडो हे शहर २०१६ च्या तिसऱ्या भागात रात्रीच्या थंड उजेडात परत येते, मुख्य वास्तू आणि तिच्याकडे जाणारा जिना तोच असल्यामुळे जागा क्षणात ओळखू येते आणि बदल अंगावर येतो. मला हे उदाहरण सर्वांत जवळचे वाटते, मात्र तिथे दोन्ही भागांत कॅमेरा पात्राच्या मागेच आहे, आमच्याकडे तोच बदलला आहे.

माझे मत असे की अंतरे बदलली तरी चालतील, पण वाटेत काय कशानंतर लागते हा क्रम मोडू नये: धक्का, मग विहीर, मग चढ आणि चढावरून अचानक दिसणारे दीपगृह. गटातल्या सहकाऱ्यांना मात्र हा क्रमही सैल करावा असे वाटते, कारण कथेत मधल्या काळात पुराने अर्धे गाव वाहून गेलेले आहे.

ज्यांनी वरून दिसणारी जागा खांद्यामागच्या कॅमेऱ्यासाठी पुन्हा रचली आहे, त्यांनी कृपया सांगावे की छपरांची ओळख भिंती, दारे किंवा आवाज यांच्यावर कशी सोपवली. तसेच साध्या करड्या ठोकळ्यांच्या आराखड्यावर जुन्या खेळाडूंकडून चाचणी घेताना त्यांना गावाचे नाव आधी सांगावे की न सांगता फिरू द्यावे? आणि पहिला भाग न खेळलेल्यांची चाचणी वेगळी घ्यावी का? त्यांना पुराची पडझड ‘पूर्वी इथे काहीतरी होते’ अशी वाटायला हवी, निव्वळ अपुरे काम नव्हे.