‘ओके’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: ‘ओके’ हा शब्द ‘ऑल करेक्ट’चं लघुरूप आहे, असं ऐकलं. मग अक्षरं ‘ए. सी.’ का नाहीत? कुणी ग्रीक म्हणतं, कुणी रेड इंडियन. खरं काय? आणि मराठीत ‘ठीक आहे’ आणि ‘ओके’ यांत काही फरक मानायचा का?

प्रतिसाद १: अक्षरं चुकीची आहेत, गंमत तीच आहे. 1838-39 च्या सुमारास बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम अशुद्ध लिहून त्याची आद्याक्षरं छापायची टूम निघाली होती. ‘ऑल राइट’चं ‘ओल राइट’ करून (राइट डब्ल्यूने लिहून) ओ. डब्ल्यू., ‘नो गो’चं ‘क्नो गो’ करून के. जी. त्यातच ‘ओल करेक्ट’चं (करेक्टला सीऐवजी के लावून) ओ. के. झालं. शब्दाचा अर्थ ‘सगळं अचूक’ आणि दोन्ही अक्षरं चूक! आपल्याकडे कुणी ‘शुद्धलेखन’ हाच शब्द मुद्दाम ‘सुद्दलेकन’ लिहून वर त्याचं ‘सु. ले.’ करावं, तसला वात्रटपणा. छापील पहिली नोंद 23 मार्च 1839 च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मधली. तिथे ओ. के.पुढे ‘ऑल करेक्ट’ असा खुलासाही दिलाय.

प्रतिसाद २: त्या टुमेतले बाकीचे शब्द मेले, हाच का जगला, तेही सांगायला हवं. 1840 ची अमेरिकन अध्यक्षपदाची निवडणूक. तेव्हाचे अध्यक्ष आणि उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे, म्हणून ‘ओल्ड किंडरहूक’. समर्थकांनी ‘ओ. के. क्लब’ काढले. विरोधकांनी उलटा डाव टाकला: आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नव्हतं, ते कागदांवर ‘ऑल करेक्ट’ म्हणून ओ. के. लिहायचे, अशी कंडी पिकवली. व्हॅन ब्युरेन हरले, पण शब्द देशभर पोचला. पुढे तारवाले आणि रेल्वेवाले ‘संदेश नीट मिळाला’ या अर्थी तो वापरू लागले आणि तो कायमचा रुजला.

हे सगळं ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने 1963-64 मध्ये जुनी वर्तमानपत्रं चाळून मांडलं.

प्रतिसाद ३: बाकीच्या व्युत्पत्ती तपासायच्या तर आधी तारीख बघा. अमेरिकेच्या यादवी युद्धात फलकावर ‘शून्य ठार’ म्हणून ‘0 के’ लिहायचे म्हणे. ते युद्ध 1861 ला सुरू झालं, शब्द 1839 ला छापून आलेला. बाद. तारयंत्रावर जन्मला म्हणावं, तर मोर्सची पहिली वॉशिंग्टन-बाल्टिमोर तारलाइन 1844 ची. तेही बाद.

तारखेने बाद न होणाऱ्यांना दुसरी चाळणी लावायची: मधले दुवे दिसतात का? ग्रीक ‘ओला काला’ म्हणजे खरंच ‘सगळं छान’, पण तिथून बॉस्टनपर्यंतचा माग नाही. चॉक्टॉ या रेड इंडियन लोकांच्या भाषेतल्या शब्दावर अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा विश्वास होता, ते ‘ओके’चं स्पेलिंगही शेवटी एच लावून करायचे. पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेचाही दावा आहे. दोन्हीकडे आवाज जुळतो, कागद जुळत नाही. आवाज जुळणं हा पुरावा धरला तर ‘ओकणे’वरूनही व्युत्पत्ती काढता येईल.

‘हॉर्न ओके प्लीज’मधलं ओके रॉकेलवर चालणाऱ्या ट्रकवरून किंवा ‘ओके’ साबणाच्या जाहिरातीवरून आलं, या कथाही याच चाळणीतून काढाव्यात. महाराष्ट्रात ट्रकमागे हे लिहायला 2015 मध्ये बंदी आली, तेव्हा त्या कथा नव्याने फिरल्या.

प्रतिसाद ४: आता मराठीबद्दल. इंग्रजीत ओके थेट क्रियापद होतं. मराठीत ‘करणे’ किंवा ‘होणे’ लागतं: प्रूफ ओके केलं, शॉट ओके झाला. इथे अर्थ ‘मंजूर’. ‘सिनेमा कसा होता?’ ‘ओके होता’ म्हणजे मात्र यथातथाच. बोलताना सूर लांबला, ‘ओकेऽ’ झालं, की आणखी खालची श्रेणी.

घोटाळा होतो तो लेखी उत्तरात. ‘उद्या पाचला कागद घेऊन या’ यावर नुसतं ‘ओके’ आलं, तर वाचलं एवढंच कळतं. येणार की नाही, ते अधांतरी. ‘बरं’मध्ये सांगितलेलं ऐकण्याचा भाव आहे, ‘चालेल’मध्ये संमती, ‘ठीक आहे’मध्ये कधीकधी नाइलाज. वडीलधाऱ्यांना किंवा साहेबांना लिहिताना ‘हो, येतो’ असं क्रियापदासकट लिहावं. एकटं ‘के’ तर तुसडंच वाटतं. आणि ओ. के. असे टिंबांसह लिहायची आता गरज नाही, ‘ओके’ पुरे.

प्रतिसाद ५: ‘ओक्के’ राहिलं की! 2022 च्या जूनमध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीहून झालेलं फोनवरचं बोलणं गाजलं आणि ‘एकदम ओक्के’ घरोघरी गेलं. तो उच्चार उगीच आलेला नाही. जोर द्यायला व्यंजन दुप्पट करायची मराठीची खोडच आहे: असं-अस्सं, इतकं-इत्तकं, कधी-कध्धी. त्यामुळे ‘ओके’ म्हणजे यथातथा आणि ‘ओक्के’ म्हणजे झकास. एका ‘क’ने अर्थ फिरतो. शिवाय ‘ओक्केमध्ये आहे’ म्हणताना त्याला शब्दयोगी अव्ययही लागलं, म्हणजे विशेषणाचं नाम झालं, ‘मजेत आहे’सारखं.

प्रतिसाद ४: ‘ओक्के’चा मुद्दा मान्य. फक्त तो बोलण्यातला आहे. प्रुफावर सही करताना ‘ओक्के’ लिहू नका, छापखाना तेवढंच छापून मोकळा होईल.