कृत्रिम पाय आणि पाम बीचची राइड
गुडघ्याखाली पाय नसलेल्या माजी जवानाला नवी मुंबईच्या पाम बीच रोडवरच्या, निधी जमवण्यासाठीच्या राइडमध्ये साधी सायकल चालेल का, असं एकाने विचारलंय. चालेल, पण क्रँक (पेडल जिला जोडलेलं असतं ती दांडी) बदला. नेहमीचा १७० मिमीचा असतो. कृत्रिम पायाच्या बाजूला १५०-१५५ घाला. पेडल वर येताना गुडघा कमी वाकतो आणि सॉकेटची (पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो त्या कवचाची) मागची कड रुतत नाही. कृत्रिम पाय डावा असेल तर काम स्वस्तात होतं, उजवीकडे मात्र चेनरिंगसकट (चेन फिरवणाऱ्या दातेरी चकतीसकट) बदलावं लागतं. पेडल चवड्याखाली नको, पावलाच्या मध्याखाली हवं. घोटाच वळत नाही तर चवड्याने जोर लावणार कसा? बूट पेडलला अडकवणारी क्लिप फक्त शाबूत पायाला. कृत्रिम पाय अडकवला तर सिग्नलला पटकन सुटत नाही नि माणूस आडवा होतो.

खरा वैताग घामाचा. आपल्याकडच्या दमट हवेत लायनर (सॉकेटच्या आत पायावर चढवायचं मऊ आवरण) आतून ओला होतो, पाय सॉकेटमध्ये सरकतो आणि कातडी सोलवटते. दर अर्ध्या तासाने थांबून पुसा, कोरडा लायनर सोबत ठेवा. रस्ता सपाट असला तरी खाडीवरचा समोरचा वारा चढाइतकाच दमवतो. सॉकेटची कड टोचत असेल तर घरी सँडपेपर मारू नका, पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला किंवा जवळच्या प्रोस्थेटिस्टला (कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा.

मणक्याची इजा असेल तर हँडसायकल, म्हणजे हाताने चालवायची बुटकी सायकल, आणि तिला उंच झेंडा हवाच; बसवाल्याला ती दिसतच नाही.