‘मिश्र’ अध्यापन की ‘संमिश्र’ अध्यापन?

प्रश्न : मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ब्लेंडेड’ पद्धतीविषयीचे टिपण प्रसृत करून विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उरलेला वर्गात शिकवण्याची कल्पना मांडली. तेव्हापासून आमच्या महाविद्यालयाच्या परिपत्रकांत कधी ‘मिश्र’, कधी ‘संमिश्र’, तर कधी ‘संकरित अध्यापन’ असे लिहिलेले आढळते. तांबे आणि जस्त यांपासून होणाऱ्या पितळेला विज्ञानात संमिश्र म्हणतात, म्हणून मला ‘संमिश्र’ योग्य वाटतो. आपले मत कळवावे.

उत्तर : ‘संकरित’ येथे नको. काही विद्यार्थी वर्गात आणि काही पडद्यावर असताना एकच तास घेणे, म्हणजे ‘हायब्रिड’, त्यासाठी तो राखून ठेवावा. पितळेची उपमा मलाही आवडली. परंतु पितळेत तांबे कोठे संपते ते दिसत नाही, आणि शिक्षकाला मात्र घरी काय व्हायचे व वर्गात काय व्हायचे ही सीमा सतत दिसत राहावी लागते. शिवाय ‘संमिश्र प्रतिसाद’ म्हटले की थोडे बरे, थोडे वाईट असाच अर्थ मनात येतो.

माझा कल ‘मिश्र’कडे आहे आणि त्याचे कारण व्याकरणात आहे. ‘सोमवारी ऑनलाइन तास झाला आणि मंगळवारी वर्गात तास झाला’ हे संयुक्त वाक्य. त्याचे दोन्ही भाग एकमेकांवाचून उभे राहतात. ‘जे घरी पाहिले, ते वर्गात करून पाहिले’ हे मिश्र वाक्य. त्यातला पहिला भाग दुसऱ्यावाचून अर्धवट राहतो. टक्केवारी जुळवून केलेली बहुतेक वेळापत्रके संयुक्त असतात, मिश्र नसतात. मी संख्याशास्त्र शिकवतो. प्रमाण विचलनाची, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत हे सांगणाऱ्या मापाची, चित्रफीत घरी पाहून आलेल्या एका विद्यार्थिनीच्या वहीत मध्यापासूनच्या (सरासरीपासूनच्या) विचलनांची, म्हणजे फरकांची, बेरीज शून्य आली होती, आणि काहीतरी चुकले असे समजून तिने गणित तेथेच सोडले होते. त्या दिवशीचा तास मी त्या शून्यापासून सुरू केला : बेरीज शून्यच येते, म्हणून तर विचलनांचे वर्ग (प्रत्येकाचा स्वतःशीच गुणाकार) घ्यावे लागतात.

प्रश्नकर्ता : व्याकरणाचा दाखला पटला. मग ‘ऑफलाइन तास’ याला काय म्हणावे?

उत्तर : मार्च २०२० पूर्वी नुसते ‘तास’ म्हटले की पुरत असे. आता भेद दाखवणे भाग आहे, म्हणून मी वेळापत्रकात ‘वर्गातील तास’ असे लिहितो. विद्यार्थ्यांना ते समजावून सांगावे लागत नाही.