दारू सोडण्यासाठी मीटिंगला जाणं : तुमचे अनुभव

रानजाई :
काल रात्री महापालिकेच्या शाळेवरून येताना एका वर्गातून टाळ्या ऐकू आल्या. शाळेत रात्री आठ वाजता टाळ्या म्हणजे एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग, हे मला लांबूनही कळतं. बाबा अशाच एका वर्गात पोरांच्या बाकावर गुडघे मुडपून बसायचे. नातेवाइकांना आई सांगायची, भजनाला गेलेत. बाबांची शेवटची वर्षं पूर्ण शुद्धीत गेली, नातवंडांना पत्ते शिकवत. तुम्हाला किंवा घरच्यांना हा गट कसा सापडला? पहिल्या दिवशी काय झालं? नावगाव नको, फक्त अनुभव लिहा.

कोकणकडा :
मी स्वतः जातो. मुक्तांगण या पुण्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी सोडताना समुपदेशकांनी चिठ्ठीवर आमच्या भागातल्या मीटिंगचा वार-वेळ लिहून दिला. बायको सोबत आली, गेटपाशी थांबली. आत एका आजोबांनी चहा हातात दिला आणि म्हणाले, "बसा. बोलायची सक्ती नाही." बस, एवढंच. कुणी नाव खरं का खोटं विचारलं नाही. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो, नवीन माणसाला तर टाकूच देत नाहीत. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीत. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.

मिरचीभाकर :
वाचतेय. कुकर लावलाय, रात्री लिहिते. रानजाई, तुझ्या बाबांना नमस्कार.

तिन्हीसांजा :
मी अल-अनॉनला जाते. दारूड्याच्या घरच्यांसाठी असतं ते. एए १९३५ चं, हे १९५१ पासूनचं, पण आपल्याकडे अजून कित्येक बायकांना माहीतच नाही. मला वाटलं होतं ह्यांना सुधारायचं कसं ते शिकवतील. तिथल्या ताई म्हणाल्या, तुम्ही जेवलात का वेळेवर? मला रडूच आलं. बाटल्या शोधणं, ओतून देणं, ऑफिसात फोन करून 'ताप आलाय' सांगणं, हे सगळं मी थांबवलं. हे अजून पितात. मी मात्र रात्री झोपते आता. मुलगा अलाटीनला जातो, तो अशा घरांतल्या वयात येणाऱ्या मुलांचा गट.

पाऊसवेडी :
@तिन्हीसांजा मिठी गं.

सातबारा :
प्रश्न आहे. पेपरात जाहिरात येते ना, 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा'? वहिनी ती पावडर मागवणारेय, दादाच्या भाजीत टाकायला. मीटिंगला तो येणार नाही म्हणते.

निळावंती :
@सातबारा आजच थांबव तिला, प्लीज! त्या पुडीत काय असतं कुणाला ठाऊक नसतं. डायसल्फिराम असेल आणि वरून तो प्यायला, तर दारू शरीरात अर्धवटच मोडते आणि विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं. छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून आणि तपासून. मी वॉर्डात काम करते म्हणून इतकं कळकळीने लिहितेय. आणखी एक : रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, माणूस भिंतीवर किडे दिसतात म्हणतो. आधी डॉक्टर, मग मीटिंग. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

सातबारा :
वहिनीला आत्ताच पाठवलं हे. आभार.

गावकूस :
आमच्या मामांनी पंढरपूरला माळ घातली आणि मीटिंगही धरली. दोन्ही चालू आहे. पहिल्यांदा त्यांना सांगितलेलं, नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा. तालुक्याला रोज मीटिंग नाही, मग एसटीने दुसऱ्या गावी जायचे. अवांतर : आमच्या गावात आडवी बाटली झाली, म्हणजे दारूचं दुकान बंद करायचं मतदान. निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत दिलं, दुकान बंद! आता लोक शेजारच्या गावात जाऊन पितात ते वेगळं, पण माझी आजी अजून बोट दाखवते शाई लावलेलं, आता शाई नसली तरी.

पाऊसवेडी :
आजी भारी 😄

हरभरा :
देव न मानणाऱ्याचं काय? एएच्या दारू सोडायच्या त्या बारा पायऱ्यांत देव येतो सारखा.

कोकणकडा :
@हरभरा आमच्या गटात दोन कट्टर नास्तिक आहेत. 'आपल्याला समजेल तसा' असंच म्हटलंय तिथे. एकाचा देव म्हणजे तो गटच. कुणी वाद घालत नाही.

मिरचीभाकर :
आले. कोविडात शाळा बंद झाल्या तेव्हा भावाची मीटिंग झूमवर गेली. आम्ही घाबरलेलो, आता हा घसरणार. तो मोबाइल घेऊन गच्चीवर बसायचा. दुबईहून, नागपूरहून माणसं यायची. त्याचा स्पॉन्सर (आधीच दारू सोडलेला, त्याला सांभाळणारा गटातला माणूस) अजूनही रोज सकाळी फोन करतो, उचलला नाही तर मला करतो. मुक्तांगण १९८६ चं ना? पुलं-सुनीताबाईंच्या देणगीतून डॉ. अनिता अवचटांनी उभं केलं. आई ते सगळ्या पाहुण्यांना सांगते.

कापूसकोंडी :
पहिल्यांदाच लिहितेय. बायकांसाठी काही असतं का? म्हणजे स्वतः पिणाऱ्या. सगळ्या खोलीत पुरुष असतील तर मला दारातून आत जाववणार नाही.

निळावंती :
@कापूसकोंडी असतं. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. एएच्याही काही ठिकाणी फक्त बायकांच्या मीटिंगा होतात, ऑनलाइनही, कॅमेरा बंद ठेवता येतो.

तिन्हीसांजा :
@कापूसकोंडी कुठल्या शहरात आहेस? इथे नको लिहूस, व्यक्तिगत निरोप केलाय. येत्या मीटिंगला मी सोबत येईन दारापर्यंत.